आठ नसलेली पाटी

थंडर बे. गव्हाच्या कोठारांपलीकडे
सुपीरियर सरोवर गोठून पडलेलं, थेट एप्रिलपर्यंत.
जहाजं बंद. वॅगनी मात्र प्रेअरीवरून येतच राहायच्या,
आणि त्या तोलायला, काट्याशेजारच्या खोपटात,
कपाटाएवढं एक यंत्र. साल एकाहत्तर.

त्याला उठवायचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल.
प्रोग्रॅम भरकटला, की ते स्वतःची सुरुवातच खोडून बसे.
मग ताउनो कांगास दातांनी हातमोजे ओढून काढी
आणि बारा खटक्यांवर बोटं ठेवी.
बारा खटके, त्याची बाराखडी.
सहा शून्य तीन दोन.
सहा शून्य तीन एक.
पाच तीन पाच सात.
अशा सोळा ओळी, परवच्यासारख्या पाठ.

त्या पाटीवर आठ नव्हता, नऊही नव्हता.
सातानंतर थेट दहा.
सात सत्ते एकसष्ट.
एक खटका चुकला, की पहिले पाढे पंचावन्न,
आणि ते पंचावन्नही आपल्या मोजणीत
पंचेचाळीसच.

शेजारी टेलिटाइप,
शिवणयंत्र आणि मशीनगन यांचं लेकरू.
त्याला धाकटी अक्षरं येत नसत,
सगळं थोरल्या लिपीत, ओरडून.
(मराठीत उतरवताना हे ओरडणं हरवतं,
आपल्या अक्षरांत थोरली पाती नाही, धाकटी नाही.)
वॅगनीचं वजनही ओरडून,
आणि मालधक्क्यावरच्या ओरिस्या ह्नातिउकला
रात्री तीन वाजता विचारलेलंही ओरडून:
आहेस का.

तीन मैलांवर तिच्या टेबलावर कागद हले.
आहे. काट्यावर बर्फ?
चार इंच. कॉफी संपली.
इथलीही.

एका जानेवारीत, वादळानं रूळ बुजले त्या रात्री,
ताउनोनं त्या सोळाही ओळी तिला पाठवल्या.
बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून.
किंवा होतं म्हणून.

अठ्ठ्याहत्तर साली काच आली.
हिरवी अक्षरं, आवाज नाही, धाकटी लिपीसुद्धा.
ओळ वर सरकायची आणि काठावरून पडायची.
पडून जाते कुठे, असं ओरिस्यानं विचारलं होतं.
ताउनो काय म्हणाला, ते तिला आठवत नाही.
ते काचेवर होतं.

गेल्या ऑक्टोबरात ते यंत्र
आमच्या संग्रहालयाच्या तळघरात आलं.
कोठार पाडलेलं, ताउनोला जाऊन अकरा वर्षं.
आम्ही धूळ काढली, पंखे बदलले, वीज दिली.
सोळा ओळी कुठल्याही जुन्या पुस्तिकेत मिळाल्या असत्या.
पण ओरिस्या आली, बिस्किटांचा डबा घेऊन,
आणि डब्यात बिस्किटं नव्हती.

गुंडाळी उलगडत ती वाचत गेली, मी खटके पाडत गेलो.
सातव्या ओळीशी अडली.
तिथे तिनंच मध्ये विचारलं होतं: सात का एक?
आणि खाली: सात. पेंगतेस तू.
ते तिनं मला वाचून दाखवलं नाही.
मी खांद्यावरून पाहिलं.

शेवटचा खटका. दिवा लागला.
वाचायला टेप नव्हतीच, कधीच कुणीतरी फेकलेली.
तरी यंत्र कामाला लागलं होतं.
दुसरी ओळ विचारते, आलं का?
तिसरी म्हणते, नाही, परत विचार.
आलं का? नाही, परत विचार.
सेकंदाला लाखाहून जास्त वेळा,
न कंटाळता, न ओरडता.

ओरिस्यानं खुर्ची ओढली. कोट अंगातच.
मला दिवे मालवायचे होते,
तळघर आठला बंद होतं.

पण आठ त्या पाटीवर नव्हताच.